बिजलीचा पाय, तिचे रिपोर्ट आणि पुढचे दिवस

सांगलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची बिजली ही ९ वर्षांची ग्रेहाउंड, वजन २७ किलो. दोन महिन्यांपूर्वी डाव्या पुढच्या पायाने लंगडायला लागली. रक्तात प्लेटलेट १ लाख १० हजार आल्या, म्हणून गोचीड ताप धरून २८ दिवस डॉक्सिसायक्लिन झालं. सोबत वेदनाशामक चालू होतं तोवर बरं वाटलं. ते थांबल्यावर लंगडणं वाढलं आणि मनगटाच्या वर टणक सूज दिसू लागली. एक्स-रे पाहून हाडाच्या कॅन्सरची दाट शंका व्यक्त झाली आणि सर्जननी पाय काढायला सुचवलं. बिजली मुळात ताईंच्या वडिलांची. ते ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांचं म्हणणं, ‘धावणाऱ्या जिवाचा पाय काढून त्याला जगवायचं कशाला?’ ताई विचारतात: प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.६, अशात ऑपरेशन झेपेल का? नाही केलं तर किती दिवस, आणि त्रास किती? निरोप द्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं? आणि मागे राहणाऱ्या शेरूचं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचं, आणि बाबांचं काय?

ताई, मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर. सोलापूर-सांगली पट्ट्यात काम केल्यामुळे कारवान आणि मुधोळ जातीची कुत्री माझ्याकडे कायम येतात, अधूनमधून ग्रेहाउंडही. ही सगळी एका बांध्याची जनावरं: खोल छाती, बारीक कंबर, अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं देताना माझा धागा एकच राहणार आहे. बिजलीची तुलना दुसऱ्या कुत्र्यांशी करू नका, तिच्या जातीशी आणि तिच्या स्वतःच्या सवयींशी करा. रक्ताचे आकडे असेच वाचायचे, दुखणं असंच ओळखायचं, आणि शेवटचा निर्णयही असाच घ्यायचा.

आधी रिपोर्ट, कारण त्यावरच तुम्ही अडला आहात. लॅबच्या कागदावर उजवीकडे जी नॉर्मल म्हणून कक्षा छापलेली असते ती सर्वसाधारण कुत्र्याची. प्लेटलेटसाठी तिथे साधारण २ लाख ते ५ लाख लिहिलेलं असतं. धडधाकट ग्रेहाउंडच्या प्लेटलेट १ ते २ लाखांत असतात, काहींच्या ८०-९० हजारही. म्हणजे बिजलीच्या १ लाख १० हजार प्लेटलेट तिच्या जातीच्या मानाने ठीक असू शकतात. पांढऱ्या पेशीही या जातीत कमी असतात. उलट तांबड्या पेशी जास्त. इतर कुत्र्यांत पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, ४५ च्या आसपास असतो, ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६० सहज दिसतो. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर ५८ आहे. त्यावर ‘शरीरात पाणी कमी’ असा शेरा मारून कोणी सलाईन लावायला निघालं, तर आधी ही जात कोणती ते सांगा. याचीच दुसरी बाजू अशी की ग्रेहाउंडचा पीसीव्ही ४० आला तर लॅबचा कागद नॉर्मल म्हणेल, आणि प्रत्यक्षात तिचं रक्त बरंच कमी झालेलं असेल. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

क्रिएटिनिनचंही तसंच. ग्रेहाउंडच्या अंगात स्नायूच स्नायू, त्यामुळे १.६ किंवा १.८ हा आकडा किडनी चांगली असतानाही दिसतो. खात्री करायची असेल तर सकाळची पहिली लघवी तपासून तिची घनता पाहायला सांगा. लघवी चांगली घट्ट असेल आणि त्यात प्रोटीन जात नसेल तर किडनीची धास्ती घेऊ नका. थायरॉइडची टी-४ ही तपासणी कोणी केलीच तर तीही कमी येईल. लठ्ठपणा, केस झडणं असं काही नसताना केवळ त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये. हृदयाचंही तेच. या जातीचं हृदय मुळातच मोठं असतं, एक्स-रेत ते वाढल्यासारखं दिसतं, आणि स्टेथोस्कोपला बारीक घरघर ऐकू येणं हे पुष्कळ निरोगी ग्रेहाउंडमध्येही आढळतं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. गिलेर्मो कूटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीच्या रक्तावर पुष्कळ काम केलं आहे. तुमच्या डॉक्टरांना त्यांचे निबंध वाचायला सुचवलंत तर चांगला डॉक्टर रागावणार नाही.

मग गोचीड तापाचं औषध दिलं ते चुकलं का? मी तसं म्हणणार नाही. आपल्याकडे एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडातून येणारे जंतू इतके पसरले आहेत की लंगडणारं कुत्रं, थोडी मरगळ आणि कमी प्लेटलेट हे तिन्ही एकत्र दिसलं की पहिला संशय गोचिडावरच जातो. एर्लिकियात सांधे दुखतात हेही खरं. ग्रेहाउंडमध्ये मात्र एकट्या प्लेटलेटवर विसंबू नये. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, शक्य असेल तर पीसीआर, म्हणजे रक्तात त्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, करावी. बिजलीचा पीसीआर अजून झाला नसेल तर ऑपरेशनच्या आधी करून घ्या. तिच्या प्लेटलेट तिच्या जातीच्या मानाने ठीक आहेत की खरोखर आजाराने उतरल्या आहेत, हे सर्जनला आधी कळायला हवं.

आता पायाकडे येऊ. मोठ्या आणि लांब पायांच्या कुत्र्यांत हाडाच्या गाठींपैकी बहुतेक ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, असतात, आणि ग्रेहाउंडमध्ये तो फार दिसतो. पुढच्या पायात त्याच्या आवडीच्या जागा दोन, मनगटाच्या वर आणि खांद्यापाशी. मागच्या पायात गुडघ्याच्या वर-खाली. बिजलीची सूज नेमकी अशाच जागी आहे, वयही तेच. तरीही कर्करोगाचं नाव कागदावर येण्याआधी सर्जनशी दोन गोष्टी बोला. एक, बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासता येतात आणि पुष्कळदा त्यातून निदान होतं. हाडाचा तुकडा काढून बायोप्सी करता येते, पण पोखरलेलं हाड त्यानंतर मोडण्याची भीती असते. म्हणून एक्स-रे अगदी ठळक असेल तर अनेक सर्जन पाय काढून तोच तपासणीला पाठवतात. ही पद्धत योग्यच आहे. दोन, छातीचे तीन एक्स-रे: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर झोपवून. एकाच बाजूने काढलेल्या फोटोत लहान गाठ लपते. फुफ्फुसात गाठी दिसल्या तर मी पाय काढायला सुचवणार नाही, फक्त वेदना कमी करण्यावर भर देईन. फोटो स्वच्छ आले तरी एक कटू गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. ऑस्टिओसार्कोमाचं निदान होतं त्या वेळी दहापैकी नऊ कुत्र्यांमध्ये त्याच्या पेशी आधीच पसरलेल्या असतात, फक्त दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात. त्यामुळे पाय काढल्याने दुखणं जातं, आजार जात नाही.

काळाचा अंदाज तुम्ही सरळ विचारला आहे, सरळच सांगते. नुसतं वेदनाशामकांवर ठेवलं तर बहुतेकदा एक ते तीन महिने, आणि ते बहुधा आजार पसरल्यामुळे संपत नाहीत, पायाचं दुखणं हाताबाहेर गेल्यामुळे संपतात. नुसता पाय काढला तर सरासरी चार-पाच महिने. पाय काढून नंतर कार्बोप्लॅटिनसारखी केमोथेरपी पूर्ण झाली तर सरासरी दहा महिने ते वर्षभर, आणि साधारण पाचातलं एक कुत्रं दोन वर्षं गाठतं. इथे सरासरी म्हणजे मधला आकडा, म्हणजे निम्मी कुत्री त्याआधीच जातात. बिजली कोणत्या निम्म्यात असेल हे कोणीही सांगू शकणार नाही. रक्ताच्या तपासणीतलं सीरम अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल असेल तर पारडं थोडं चांगल्या बाजूला झुकतं.

बाबांच्या प्रश्नाला मी मनापासून मान देते. गावाकडचे कारवानवाले मला हेच विचारतात, कारण त्यांच्या लेखी त्या कुत्र्याचं धावणं हीच त्याची शान. पण बिजलीच्या बाजूने विचार करून पाहा. आज तो पाय ती टेकत नाही, म्हणजे ती तीन पायांवरच चालते आहे. फरक एवढाच की चौथा पाय दिवस-रात्र ठणकतो आहे. हाडाच्या आतून पोखरणाऱ्या गाठीचं दुखणं हे आमच्या शास्त्रातल्या सगळ्यात वाईट दुखण्यांपैकी आहे. ते गेलं की कुत्रं बदलतं. मंगळवेढ्याकडच्या एका कारवान कुत्र्याचा मागचा पाय आम्ही काढला, तेव्हा त्याचे धनी दारात उभं राहून आत यायला तयार नव्हते. टाके निघायच्या आत तो कुत्रा वस्तीवरच्या कोंबड्यांमागे लागला. कुत्र्याला आपल्या रूपाची लाज वाटत नाही. लोक काय म्हणतील याचा भार त्याच्यावर नसतो.

तरी बिजलीच्या बाबतीत मी दोन गोष्टी तपासल्याशिवाय हो म्हणणार नाही. पुढचे पाय शरीराचा साधारण ६० टक्के भार घेतात, त्यामुळे पुढचा पाय काढलेल्या कुत्र्याला सावरायला मागचा पाय गेलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून उरलेला पुढचा पाय, पाठीचा कणा आणि मागचे खुबे नीट आहेत का ते पाहा. ९ व्या वर्षी संधिवात असेल तर हिशोब बदलतो. दुसरं म्हणजे ती ज्या घरात राहणार ते घर. गुळगुळीत फरशी असेल तर बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी मॅटची वाट करून ठेवा, तीही ऑपरेशनच्या आधी.

ऑपरेशन ठरलं तर हा परिच्छेद छापून सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. ग्रेहाउंडला थायोपेंटोन हे भुलीचं औषध देऊ नये. तिच्या यकृताकडून ते फार हळू निकामी होतं, अंगात चरबीही नाही, त्यामुळे कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. प्रोपोफॉल देऊन पुढे आयसोफ्लुरेनवर ठेवणं चालतं. एसिप्रोमॅझिन द्यायचंच तर अगदी कमी. टेबलावर ती लवकर गार पडते, म्हणून अंगाखाली ऊब आणि वरून पांघरूण हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या जातीत ऑपरेशनच्या वेळी रक्त नीट थांबतं, गोठण्याच्या तपासण्याही नॉर्मल येतात, आणि मग ३६ ते ४८ तासांनी जखमेतून रक्त झिरपू लागतं किंवा कातडीखाली मोठा काळा-निळा डाग पसरतो. गर्भाशय काढण्यासारख्या साध्या ऑपरेशननंतरही सुमारे चारातल्या एका ग्रेहाउंडमध्ये हे दिसून आलं आहे. पाय काढणं तर त्याहून कितीतरी मोठं. अमिनोकॅप्रोइक ॲसिड आधीपासून सुरू करून पाच दिवस दिल्यास हे रक्तस्राव कमी होतात, आणि आपल्याकडे सहज मिळणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही त्याच कामासाठी वापरतात. दुसऱ्या दिवशी बिजली छान दिसते म्हणून तिला घाईने सांगलीला आणू नका. तिसरा दिवस उलटेपर्यंत दवाखान्याच्या जवळ राहा, हिरड्यांचा रंग सकाळ-संध्याकाळ पाहा. तेव्हा पीसीव्ही ४० आला तर मघाशी सांगितलेलं आठवा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. मोठी शस्त्रक्रिया करणारी, शिकवणारी रुग्णालयं परळच्या आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. खासगी खर्च झेपत नसेल तर तिथे जरूर विचारा.

केमोथेरपीबद्दल लोकांच्या मनात माणसांचं चित्र असतं, म्हणून थोडं सांगते. कुत्र्यात आम्ही डोस असा ठेवतो की दिवस चांगले जावेत. कार्बोप्लॅटिन दर तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा, सलाईनमधून. ग्रेहाउंडचे केस सहसा जात नाहीत. एक-दोन दिवस मळमळ, थोडे जुलाब होऊ शकतात. दहा-चौदा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या पुन्हा जातीच्या मूळ आकड्याशी ताडून पाहाव्या लागतात. प्रत्येक डोसनंतर काही दिवस बिजलीची लघवी, शी, उलटी हातमोजे घालूनच उचलायची, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर विशेष जपून. बाबांना हे रोज जमणार नसेल तर नाही म्हणायला अजिबात संकोचू नका. केमो न करता फक्त पाय काढणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, आणि काहीच न कापता दुखणं सांभाळणं हाही.

दुखणं सांभाळायचं ठरलं तर ते अर्धवट करू नका. मेलोक्सिकॅमसारखं औषध अन्नासोबत, जोडीला गॅबापेंटिन, आणि शक्य असल्यास दर तीन-चार आठवड्यांनी पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटची सलाईन, जी हाड पोखरलं जाण्याचा वेग कमी करते आणि अनेक कुत्र्यांना चांगला आराम देते. मात्रा तुमचे डॉक्टर वजनावरून ठरवतील. मेलोक्सिकॅम चालू असताना स्टेरॉइड देऊ नका, दोन्ही मिळून पोटात व्रण करतात. घरातल्या डब्यातलं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांतलं काहीही स्वतःहून देऊ नका. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, गिधाडं त्यानेच जवळजवळ संपली. माणसांच्या गॅबापेंटिनच्या पातळ औषधात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे, म्हणून कॅप्सूलच घ्या.

त्या सुजेला तेल चोळू नका, शेकू नका, हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधून घेऊ नका. आतलं हाड अंड्याच्या टरफलासारखं पातळ झालेलं असतं. सोफ्यावर, गाडीत उडी मारू देऊ नका, मऊ चादर पोटाखालून घालून उचलून घ्या. एखाद्या दिवशी ती किंचाळली आणि पाय लोंबकळायला लागला तर हाड मोडलं असं समजा. ते जुळणार नाही. त्या रात्री कोणत्या डॉक्टरांना उठवायचं, गाडी कोणाची, हे आजच ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा.

बिछाना जाड हवा. या जातीच्या हाडांना मांसाची गादी नाही, कोपरांवर आणि खुब्यांवर लगेच घट्टे पडून जखमा होतात. दोन वाकळी एकावर एक घालून वर धुता येईल अशी चादर घाला. दिवसातून काही वेळा कूस बदलून द्या. थंडीत अंगावर काहीतरी घाला. आणि एक सूचना मुलांसाठी: ग्रेहाउंड पुष्कळदा डोळे उघडे ठेवून झोपतात, आणि दुखणाऱ्या ग्रेहाउंडला झोपेत हात लावला तर ती दचकून चावू शकते. आधी नावाने हाक मारा, ती मान वळवेल, मग जवळ जा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. ग्रेहाउंड दुखणं लपवण्यात पटाईत. ओरडणार नाही, कण्हणार नाही, शेपूटही हलवेल. म्हणून ‘ती खाते ना, मग बरी आहे’ या मोजमापावर विसंबू नका. पुष्कळ कुत्री शेवटच्या दिवसापर्यंत हातून भरवलेलं खातात. मी घरच्यांना असं सांगते की बिजली बरी असताना तिला ज्या चार गोष्टींत खरा आनंद होता त्या आजच लिहून काढा. बाबांच्या चपलांचा आवाज आला की उठून दाराशी येणं, दुपारी उन्हाच्या पट्ट्यात आडवं पसरून झोपणं, शेरूचं खेळणं पळवणं, असं जे असेल ते. तुमच्या घरचं तुम्हालाच माहीत. मग भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात एक खूण करा: आज यातल्या किती गोष्टी तिने केल्या. रात्री किती वेळा उठून जागा बदलली, उभी असताना धापा टाकते का, हेही दोन शब्दांत. घरातल्या प्रत्येकाने आपली खूण वेगळी करावी, कारण बाबांना ती रोज बरीच दिसेल आणि तुम्हाला रोज वाईट. दोन आठवड्यांची पानं समोर ठेवली की वाद कमी होतात.

चारांपैकी तीन गोष्टी संपल्या, वेदनाशामक वाढवूनही रात्र शांत जात नाही, किंवा वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले, तर वेळ आली. विसाव्यात असतानाही श्वास जलद चालू राहिला, हिरड्या निळसर दिसल्या किंवा हाड मोडलं, तर कालनिर्णय पाहत बसू नका, त्याच दिवशी निर्णय घ्या. माझं स्पष्ट मत असं की काही दिवस आधी दिलेला निरोप हा काही दिवस उशिरा दिलेल्या निरोपापेक्षा कितीतरी दयाळू असतो. फुफ्फुसं भरत आलेल्या कुत्र्याची शेवटची रात्र मी पाहिली आहे, ती कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत हा प्रश्न दबक्या आवाजात येतो: आपल्या हाताने मारलं असं होईल का, पाप लागेल का? मी धर्मशास्त्राची जाणकार नाही. डॉक्टर म्हणून सांगते, आजार तिला नेणारच आहे. तुमच्या हातात फक्त तिच्या शेवटच्या दिवसांची वेदना आहे. तरीही बाबांचं मन तयार होत नसेल तर त्यांच्यावर निर्णय लादू नका. डॉक्टरांना घरी बोलवा, त्यांना बाबांशी एकांतात बोलू द्या. ज्यांना दयामरण मान्यच नाही अशा घरांतही आम्ही भरपूर वेदनाशामक आणि गुंगीची औषधं देऊन शेवटपर्यंत सोबत करतो. फक्त त्यासाठी डॉक्टरांनी रोज यावं लागतं, हे आधी बोलून ठेवा.

प्रत्यक्षात काय होतं तेही जाणून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचं असतं. आधी गुंगीचं इंजेक्शन, त्याने ती तुमच्या मांडीवर शांत झोपते. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस. ग्रेहाउंडच्या शिरा ठळक असतात, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. थांबल्यानंतरही एखाद-दुसरा खोल श्वास घेतल्यासारखं वाटतं, स्नायू थरथरतात, लघवी होते. त्या वेळी तिला काही कळत नसतं. घरी, तिच्या वाकळीवर, सकाळच्या शांत वेळी हे झालेलं मला सगळ्यात बरं वाटतं. ज्याला थांबायचं नाही त्याला बाहेर जाऊ द्या.

शेतात पुरणार असाल तर खड्डा किमान चार-पाच फूट खोल, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर दगड. भुलीचं औषध मृत शरीरात दीर्घकाळ टिकून राहतं. कोल्ह्याने, भटक्या कुत्र्यांनी किंवा गिधाडाने ते उकरून खाल्लं तर तीही मरतात. म्हणून माळावर टाकायचं नाही. शहरात असाल तर महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे प्राण्यांच्या दहनाची सोय कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी फोन करायला कोणाला सुचत नाही.

शेरूला बिजलीचं शरीर पाहू द्या, हुंगू द्या. काही कुत्री लगेच दूर होतात, काही बाजूला बसून राहतात. दोन्ही ठीक. पुढचे काही दिवस तो तिला शोधेल, तिच्या जागेवर जाऊन झोपेल, कमी खाईल. फिरायची वेळ, जेवायची वेळ अजिबात बदलू नका. तिची वाकळ लगेच धुवायला टाकू नका. मात्र तो दोन दिवस काहीच खात नसेल तर ‘दुःखात आहे’ म्हणून सोडून देऊ नका, ताप पाहा, रक्त तपासा. जोडीदार गेल्यावर गप्प झालेल्या कुत्र्यांमध्ये प्रत्यक्षात गोचीड ताप निघाल्याचं मी वारंवार पाहिलं आहे. घरच्यांचं लक्ष महिनाभर आजारी कुत्र्याकडे असतं आणि दुसऱ्याचं गोचिडाचं औषध राहून जातं.

मुलांना ‘ती गावाला गेली’ असं सांगू नका. गेली, आता येणार नाही, तिला फार दुखत होतं, एवढं खरं सांगा.

बाबांची मला जास्त काळजी वाटते. बिजलीला पहाटे फिरवणं हा त्यांच्या दिवसाचा कणा असणार. ती गेल्यावर पहाट तशीच येईल आणि हातात पट्टा नसेल. ‘कुत्रंच तर होतं’ असं बोलणारे नातेवाईक भेटतील, त्यांना तुम्हीच थोपवा. त्यांना लगेच दुसरं पिल्लू आणून देऊ नका, ते बहुधा त्यांना बिजलीचा अपमान वाटेल. पहिले काही दिवस शेरूला घेऊन त्यांच्यासोबत पहाटे तुम्ही चाला. ते बोलले तर ऐका. जेवण तुटलं, झोप उडाली आणि आठवडे उलटले तरी सावरले नाहीत, तर त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरातलं कुत्रं गेलं आहे. या वयात बीपी-साखर बिघडायला एवढं कारण पुरतं.

आणि पुढे कधीतरी, त्यांनी स्वतःहून विषय काढला तर, ग्रेहाउंडच हवी असा हट्ट नको. तुमच्या भागातच जत, सांगोला, मंगळवेढ्याला कारवान आहेत, पलीकडे मुधोळ. हवामान त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे आणि बांधा बाबांच्या आवडीचा. भुलीची आणि पातळ कातडीची काळजी त्यांनाही तीच. कोणतंही आणा, ते दीड-दोन वर्षांचं आणि ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो रिपोर्ट जपून ठेवा, आणि दरवर्षी त्याच्याशी नवा ताडून पाहा. सध्या मात्र या आठवड्यात छातीचे तीन एक्स-रे, लघवीची तपासणी आणि पीसीआर एवढं करून घ्या. वेदनाशामक बंद झालं असेल तर ते एक्स-रेची वाट न पाहता आजच डॉक्टरांना विचारून सुरू करा.